अनोळखी सैनिकांच्या निरोपाला : कॅन्ससमधील मोटारसायकलस्वारांबरोबर

रविवार : डॅलस ते विचिटा

डॅलसहून निघालेला इंटरस्टेट 35 महामार्ग रेड नदी ओलांडून ओक्लाहोमा राज्यात शिरतो, आर्बकलच्या ठेंगण्या डोंगरांतून वाट काढतो आणि पुढे कॅन्ससच्या सीमेपर्यंत जवळजवळ नाकासमोर उत्तरेला जात राहतो. ऑक्टोबरमध्ये या पट्ट्यातले ऊन सोसवते, वारा मात्र पाठ सोडत नाही. ओक्लाहोमा सिटी मागे पडल्यावर तो पश्चिमेकडून इतक्या जोराने येऊ लागला की साडेसहाशे सीसीची रॉयल एनफिल्ड सरळ रेषेत ठेवण्यासाठी अंग सतत डावीकडे झुकवून बसावे लागले. ब्लॅकवेलच्या आसपास पवनचक्क्या दिसू लागतात आणि या भागात वारा वर्षभर मुक्कामाला असतो हे कोणी न सांगता कळते.

या प्रवासाचे कारण ‘पेट्रियट गार्ड रायडर्स’ ही संघटना आहे. सैनिक किंवा माजी सैनिक मरण पावला आणि त्याच्या कुटुंबाने बोलावले, तर हे स्वयंसेवक मोटारसायकली घेऊन अंत्यविधीला जातात, शववाहिकेला सोबत करतात आणि चर्चच्या दारापासून किंवा दफनभूमीच्या फाटकापासून आतपर्यंत हातात राष्ट्रध्वज घेऊन दुतर्फा उभे राहतात. या रांगेला सगळे ‘फ्लॅग लाइन’ म्हणतात. सदस्यत्वासाठी वर्गणी नाही, सैन्यात नोकरी केलेली असण्याची अट नाही आणि नावात ‘रायडर्स’ असूनही मोटारसायकल असण्याचीही सक्ती नाही. मृताविषयी आदर, एवढीच एक अट आहे. टेक्सासमध्ये मी अशा रांगांत उभा राहत आलो आहे. परंतु ज्या मातीत हे काम उगवले ती माती पाहिली नव्हती, म्हणून सुट्टी काढून निघालो.

कॅन्ससची हद्द लागली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना काढणीला आलेली ज्वारी दिसू लागली. अमेरिकेत सर्वाधिक ज्वारी याच राज्यात पिकते. आपल्याकडच्या पुरुषभर उंचीच्या ताटांची सवय असलेल्या डोळ्यांना ही कमरेएवढी, तांबूस कणसांची ज्वारी आधी ओळखू येत नाही. इथे ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी आणि इथेनॉलसाठी जाते. अंधार पडायच्या आत विचिटा गाठले.

सोमवार : मल्वेन

विचिटाच्या आग्नेयेला, मोटारसायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर मल्वेन हे लहानसे गाव आहे. मुख्य रस्ता, रेल्वेचे रूळ, धान्याची उंच कोठारे आणि त्यांच्या आसपास पसरलेली घरे, अशी या भागातल्या कुठल्याही गावाची असते तीच त्याची रचना. गावाचे नाव या इतिहासात आले ते इथल्या ‘अमेरिकन लीजन’च्या 136 क्रमांकाच्या शाखेमुळे. अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना 1919 मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर, स्थापन झाली. तिच्या मोटारसायकलस्वार सभासदांचा ‘लीजन रायडर्स’ हा गट 1993 मध्ये मिशिगन राज्यातील गार्डन सिटी येथे सुरू झाला आणि पुढे गावोगावच्या शाखांत पसरला. मल्वेनच्या शाखेतही असा गट होता.

2005 साली इराकमध्ये युद्ध पेटलेले होते आणि अमेरिकेतल्या लहान लहान गावांत शवपेटिका येत होत्या. याच काळात कॅन्ससची राजधानी टोपिका येथील वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च या छोट्या पंथाने सैनिकांच्या अंत्यविधींबाहेर निदर्शने करायला सुरुवात केली. फ्रेड फेल्प्स हा या पंथाचा प्रमुख आणि अनुयायांपैकी बहुतेक त्याच्याच कुटुंबातले. अमेरिका समलैंगिकांना सामावून घेते म्हणून देव तिच्या सैनिकांना मारून शिक्षा करतो आहे, असे त्यांचे सांगणे होते. ‘सैनिक मेले याबद्दल देवाचे आभार’ अशा अर्थाचे भडक रंगांचे फलक घेऊन ही मंडळी चर्चबाहेर उभी राहत आणि मुलाची शवपेटिका घेऊन निघालेल्या आईबापांच्या कानांवर पडेल अशा आवाजात गाणी म्हणत. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मल्वेनच्या लीजन रायडर्सनी ठरवले की आता आपण जायचे.

विचिटा परिसरात बरीच वर्षे राइड कॅप्टन, म्हणजे स्वारांच्या गटाचे प्रमुख, म्हणून काम केलेले एक गृहस्थ मला मल्वेनच्या एका उपाहारगृहात भेटले. व्हिएतनामच्या काळात ते नौदलात होते. पांढरी दाढी, चामड्याच्या जाकिटावर शिवलेल्या पट्ट्या, आणि बोलणे मात्र अत्यंत मोजके. त्या पहिल्या दिवसांत ठरलेले नियमच आजही चालतात, असे त्यांनी सांगितले. पहिला नियम असा की कुटुंबाने होकार दिल्याशिवाय जायचे नाही. पुण्य करायला म्हणून गेलो आणि घरच्यांना ते नको असेल, तर निदर्शकांत आणि आपल्यात फरक काय उरला, असा त्यांचा प्रश्न होता. दुसरा नियम निदर्शकांशी एक शब्दही न बोलण्याचा. त्यांच्याकडे पाठ करायची, तोंड कुटुंबाकडे ठेवायचे आणि झेंडे इतके जवळ धरायचे की पलीकडचे फलक आईला दिसू नयेत. घोषणा फारच वाढल्या तर इंजिने चालू करून आवाज बुडवायचा, एवढीच मुभा सुरुवातीच्या काळात घेतली गेली.

हा दुसरा नियम ऐकायला सोपा वाटतो. पण या स्वारांपैकी अनेकांनी स्वतः युद्धात मित्र गमावले होते. अशा माणसांनी तीस-चाळीस फुटांवरून येणारे ते शब्द ऐकत पाठमोरे उभे राहायचे, आणि हात झेंड्याच्या काठीवरून हलवायचा नाही. ते म्हणाले, “आमच्यातल्या एखाद्याने एक ठोसा मारला असता, तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्या ठोशाचीच बातमी आली असती आणि त्या पोराचे नाव शेवटच्या ओळीत गेले असते.” मला या संघटनेची सगळी शिस्त या एका वाक्यात सापडते. अंत्यविधी कुणाचा आहे हे विसरायचे नाही.

मल्वेनच्या स्वारांची वार्ता शेजारच्या ओक्लाहोमात पोहोचली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिथल्या काही स्वारांनी राज्याराज्यांतले सगळे गट एका नावाखाली आणले. पेट्रियट गार्ड रायडर्सचा जन्म तो. काही महिन्यांत ती देशभर पसरली.

निघताना राइड कॅप्टननी दुसऱ्या दिवशीच्या अंत्यविधीचा तपशील मला मोबाईलवर पाठवला. कुठे जमायचे, किती वाजता जमायचे आणि ‘किकस्टँड वर’ किती वाजता, म्हणजे गाड्या किती वाजता हलणार, हे प्रत्येक संदेशात अगदी मिनिटापर्यंत दिलेले असते आणि ते पाळलेही जाते.

मंगळवार : विनफिल्ड

विनफिल्ड येथे कॅन्सस राज्याने चालवलेली माजी सैनिकांची दफनभूमी आहे. त्या दिवशीचे मृत गृहस्थ व्हिएतनाम युद्धात भूदलात होते, नंतर आयुष्यभर त्यांनी शेतीच्या अवजारांची दुरुस्ती केली आणि वृद्धापकाळाने घरीच त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीला कोणीही निदर्शने करणार नव्हते. वर्तमानपत्रातली निधनवार्ता सोडली तर बाहेरच्या जगाला त्यांची खबरही नव्हती.

चर्चच्या मागच्या वाहनतळावर वीसेक मोटारसायकली आणि पाच-सहा पिकअप ट्रक जमले होते. हार्ली-डेव्हिडसन आणि होंडा गोल्डविंगच्या त्या भारदस्त गर्दीत माझी एनफिल्ड अंगाने लहान दिसत होती, तरी दोघातिघांनी जवळ येऊन तिची चौकशी केली. एका ट्रकच्या मागच्या फळीवर झेंड्यांचा गठ्ठा होता. तीन फूट बाय पाच फुटांचे राष्ट्रध्वज, शिवाय भूदल, नौदल, वायुदल आणि मरीन कोअरचे झेंडे, आणि युद्धात बेपत्ता झालेल्या व कैद झालेल्या सैनिकांच्या स्मरणाचा काळा झेंडा. ज्याने ज्या दलात नोकरी केली त्या दलाचा झेंडा त्याने घ्यावा असा संकेत आहे. मी नेहमीप्रमाणे राष्ट्रध्वज घेतला.

राइड कॅप्टननी सगळ्यांना गोल करून सूचना दिल्या. मृताचे नाव, दल, हुद्दा, सेवेचा काळ, मागे कोण कोण आहे, आणि घरच्यांची इच्छा काय आहे, हे त्यांनी वाचून दाखवले. पत्नीला गुडघ्यांचा त्रास आहे, त्या हळू चालतील, तेव्हा ध्वज धरून बराच वेळ उभे राहावे लागेल, हेही सांगितले. एकाने छोटी प्रार्थना म्हटली. मोबाईल बंद करा, गॉगल कपाळावर चढवू नका, रांगेत बोलू नका, च्युइंगम टाका, अशा सूचना नव्यांसाठी दर वेळी दिल्या जातात आणि जुनी माणसेही त्या पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकतात.

उभे राहण्याचीही एक रीत आहे. दोन माणसांत हात पसरला तर खांद्याला बोटे लागतील एवढे अंतर, काठीचे टोक उजव्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला, उजवा हात छातीच्या उंचीवर. कॅन्ससच्या वाऱ्यात खरी कसोटी कापडाची असते. सोडले तर ते शेजाऱ्याच्या तोंडावर फडफडते, आणि गुंडाळू दिले तर काठीला चिकटून झेंडा नुसती दोरी होतो. म्हणून खालचा कोपरा दोन बोटांत हलकेच धरून ठेवायचा, पट्टे आणि तारे दिसतील एवढे कापड मोकळे सोडायचे आणि वारा वळला की मनगटाने काठी किंचित फिरवायची. अर्ध्या तासाने दंडाला रग लागते. माझ्या शेजारच्या बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या, पती वायुदलात होते आणि आता हयात नाहीत असे त्यांनी आधी सांगितले होते. त्यांची काठी शेवटपर्यंत तसूभरही कलली नाही.

चर्चमधला विधी आटोपल्यावर मिरवणूक निघाली. शववाहिकेच्या पुढे मोटारसायकली दोन ओळींत चालतात, पण जोडीने शेजारी शेजारी नाहीत. एक डावीकडे पुढे, दुसरी उजवीकडे थोडी मागे, अशी तिरकी रचना असते, म्हणजे प्रत्येकाला वळायला जागा राहते. समोरून येणारी वाहने कडेला थांबत होती. अमेरिकेच्या या भागात शववाहिका दिसली की गाडी थांबवण्याचा रिवाज अजून टिकून आहे. एका शेताच्या बांधाशी एक माणूस ट्रॅक्टरवरून उतरून, टोपी छातीशी धरून उभा होता. मिरवणूक कुणाची आहे हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

दफनभूमीत सगळा विधी छताखालच्या मंडपात होतो. माजी सैनिकाला लष्करी मानवंदना मिळावी असा कुटुंबाचा हक्क असल्याचे अमेरिकी कायद्यात 2000 सालापासून स्पष्ट आहे. किमान दोन गणवेशधारी यावेत, त्यातला एक तरी मृताच्याच दलाचा असावा, ध्वजाची घडी घालून तो वारसाला द्यावा आणि बिगुलावर ‘टॅप्स’ वाजवावे, एवढे त्यात बंधनकारक आहे. बंदुकीच्या फैरी झाडायला मात्र बहुतेक वेळा गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेचीच माणसे येतात. विनफिल्डलाही तसेच झाले. दुसऱ्या महायुद्धातल्या एम-1 रायफली घेऊन सात वृद्ध उभे होते आणि त्यांनी तीन फैरी झाडल्या. ‘टॅप्स’ ही फक्त 24 स्वरांची धून आहे. 1862 मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, जनरल डॅनियल बटरफिल्ड यांनी व्हर्जिनियातल्या छावणीत तिला आजचे रूप दिले. आता बिगूल वाजवणारे सैनिक पुरेसे नाहीत, म्हणून 2003 पासून बिगुलाच्या पुढच्या रुंद तोंडात ध्वनिमुद्रण वाजवणारे एक छोटे यंत्र बसवतात. सैनिक बिगूल ओठांना लावून उभा राहतो आणि सूर यंत्रातून येतात. कुटुंबाला ते लांबून कळत नाही. मला ते कळते, आणि दर वेळी वाटते की एवढ्या मोठ्या देशाने गावोगावी एक-एक वादक तयार करावा.

शवपेटिकेवरचा ध्वज साडेनऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद असतो. दोन तरुण सैनिकांनी तो ताणून धरला, लांबीत दोनदा दुमडला आणि मग पट्ट्यांच्या टोकाकडून त्रिकोणी घड्या घालत आणला. अशा एकूण 13 घड्या होतात आणि शेवटी फक्त निळा भाग आणि तारे वर राहतात. त्यातल्या एकाने गुडघा टेकून, राष्ट्राध्यक्ष, भूदल आणि कृतज्ञ राष्ट्राच्या वतीने असे म्हणत, तो त्रिकोण त्या वृद्ध पत्नीच्या मांडीवर ठेवला. त्यांनी त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. नंतर काठी टेकत त्या आमच्या रांगेपाशी आल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकाच्या हाताला हात लावत गेल्या. “ते परत आले तेव्हा विमानतळावर कोणीच नव्हते,” एवढेच त्या मला म्हणाल्या. व्हिएतनामहून परतलेल्या असंख्य सैनिकांचे हेच दुखणे होते, आणि म्हणूनच या संघटनेतले लोक त्या युद्धातल्या माणसाला भेटले की आजही नमस्काराच्या जागी ‘घरी स्वागत’ असे म्हणतात.

मी सातारा जिल्ह्यातला. ज्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतो तिथे सीमेवर वीरमरण आलेल्या जवानाच्या अंत्ययात्रेला सगळा तालुका लोटतो, पालकमंत्र्यांपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे येतात, रस्त्यावर रांगोळ्या घालतात. हे मी लहानपणापासून पाहिले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण निवृत्त होऊन, पेन्शनवर तीस-चाळीस वर्षे काढून, शेताच्या बांधावर म्हातारे झालेले सुभेदार आणि हवालदार जातात तेव्हा भाऊकी आणि आळीतली माणसे सोडून फारसे कोणी नसते. विनफिल्डच्या त्या रांगेत मला हे प्रकर्षाने जाणवले. लढाईत पडलेल्याला समाज आपोआप आठवतो. जगून परत आलेल्याला आठवण्यासाठी कुणीतरी कामधंदा बाजूला ठेवून, मंगळवारी सकाळी, मुद्दाम यावे लागते.

बुधवार : फ्लिंट हिल्समार्गे टोपिका

विचिटाहून टोपिकाला टोलच्या महामार्गाने लवकर पोहोचता येते. मी कॅसोडेपाशी तो सोडला आणि राज्य मार्ग 177 धरला. फ्लिंट हिल्सच्या या टेकड्यांत खडक इतका वर आहे की नांगर चालत नाही. त्यामुळेच उंच गवताची मूळची माळराने इथे वाचली आहेत. ऑक्टोबरमध्ये ते गवत तांबूस झालेले असते. कॉटनवूड फॉल्सला थांबून जेवलो आणि कौन्सिल ग्रोव्हवरून पूर्वेला वळून दुपार कलताना टोपिकात आलो.

वेस्टबरो चर्चची इमारत एका साध्या वस्तीत आहे. समोरच्या घराला 2013 मध्ये एका संस्थेने विकत घेऊन समलैंगिकांच्या हक्कांची खूण असलेले इंद्रधनुष्याचे रंग दिले आणि ‘इक्वॅलिटी हाउस’ असे नाव दिले, ते आजूबाजूच्या फिक्या घरांत लांबूनच दिसते. फेल्प्स 2014 च्या मार्चमध्ये वारला. मी तिथे थोडाच वेळ थांबलो. त्या इमारतीत पाहण्यासारखे काही नाही, आणि त्या मंडळींना हवे असते ते लक्ष देण्याचीही माझी इच्छा नव्हती.

या निदर्शनांचा कायद्यातला शेवट मात्र समजून घेण्यासारखा आहे. इराकमध्ये 2006 साली मरण पावलेल्या एका मरीन सैनिकाच्या मेरिलँडमधील अंत्यविधीवेळी या पंथाने निदर्शने केली. सैनिकाच्या वडिलांनी दावा लावला. ज्यूरीने एक कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली, न्यायाधीशांनी ती 50 लाखांवर आणली, अपील न्यायालयाने ती रद्द केली, आणि वर पंथाच्या कोर्टखर्चाचे सोळा हजारांहून अधिक डॉलरही वडिलांनीच द्यावेत असा आदेश झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 2 मार्च 2011 रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल पंथाच्या बाजूने लागला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिले की सार्वजनिक प्रश्नावर सार्वजनिक जागेत केलेले भाषण कितीही दुखावणारे असले तरी राज्यघटना त्याला संरक्षण देते. एकटे न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो विरोधात राहिले. दरम्यान अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, 2006 मध्ये राष्ट्रीय दफनभूमींजवळच्या निदर्शनांवर बंधने घातली होती, आणि 2012 मध्ये लष्करी अंत्यविधीच्या आधी व नंतर दोन-दोन तास 300 फुटांच्या आत निदर्शने करण्यास मनाई झाली.

त्या वडिलांचा विचार केला की हा निकाल घशाखाली उतरत नाही. तरीही विचाराअंती मला तो बरोबर वाटतो, कारण सरकारने बोलणाऱ्यांची तोंडे बांधायला सुरुवात केली की उद्या कुणाची बांधली जातील हे सांगता येत नाही. मग त्या आईबापांचे रक्षण कोणी करायचे? मल्वेनच्या माणसांनी न्यायालयाच्या सहा वर्षे आधीच त्याचे उत्तर कृतीने दिले होते. दुष्ट बोलण्याचा हक्क कायद्याने शाबूत ठेवला, आणि ते बोलणे ऐकू येऊ नये म्हणून मध्ये उभे राहण्याचा हक्क या लोकांनी वापरला.

गुरुवार : लेव्हनवर्थ

मिझूरी नदीकाठच्या फोर्ट लेव्हनवर्थ या लष्करी तळाच्या आवारातली राष्ट्रीय दफनभूमी 1862 पासूनची आहे. फाटकावर ओळखपत्र तपासून आत सोडतात. उतारावर पांढऱ्या संगमरवरी शिळांच्या रांगा कुठूनही पाहिले तरी सरळच दिसतात. याच तळावरच्या कमांड अँड जनरल स्टाफ कॉलेजात जनरल बिपिन रावत यांनी शिक्षण घेतले होते. सकाळचा तासभर तिथे घालवून मी शहराच्या दक्षिणेला असलेल्या दुसऱ्या दफनभूमीकडे, लेव्हनवर्थ नॅशनल सिमेटरीकडे, निघालो. ती 1880 च्या दशकात अपंग सैनिकांसाठी उभारलेल्या वसतिगृहासोबत सुरू झाली.

या दिवसासाठीच मी प्रवासाच्या तारखा जुळवल्या होत्या. ज्यांचे कोणीही नातेवाईक पुढे आले नाहीत अशा काही माजी सैनिकांच्या अस्थी त्या दिवशी पुरायच्या होत्या. अमेरिकेतल्या अंत्यसंस्कारगृहांच्या फडताळांवर कोणी न नेलेले अस्थिकलश वर्षानुवर्षे पडून असतात. त्यांत सैनिकही असतात, पण ते कोणाला ठाऊक नसते. ‘मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट’ या संस्थेचे स्वयंसेवक 2007 पासून हेच काम करतात. ते अंत्यसंस्कारगृहांना भेटी देतात, परवानगी मिळाल्यास कलशांवरची नावे आणि जन्मतारखा उतरवून घेतात, माजी सैनिक खात्याकडून सेवेची खातरजमा करतात आणि मग त्यांना सन्मानाने दफनभूमीत आणतात. अनेक राज्यांत नातेवाईकांच्या संमतीशिवाय कलश सोपवण्याची भीती संचालकांना वाटे, म्हणून त्यासाठी कायदे करून घ्यावे लागले. पेट्रियट गार्डचे लोक या कामात पहिल्यापासून आहेत.

कलश लहान लाकडी पेट्यांत होते. एका मोटारसायकलच्या साइडकारमध्ये आणि मागच्या वाहनात ते ठेवून मिरवणूक आली. ज्यांना एकही रक्ताचे माणूस उरले नव्हते त्यांच्यासाठी फाटकापासून मंडपापर्यंत दोन्ही बाजूंनी झेंड्यांची सलग रांग होती. त्यात शाळेतल्या मुलांचा एक गट होता, गणवेशातले काही सैनिक होते, आणि जेवणाच्या सुट्टीत आलेला पोस्टाचा एक कर्मचारीही होता. एकेक नाव मोठ्याने वाचले गेले. नाव, दल, हुद्दा. काहींच्या बाबतीत त्याहून अधिक कोणालाच काही माहीत नव्हते. प्रत्येक नावानंतर घंटेचा एक टोल पडला आणि कुणीतरी रांगेतून म्हणाले, “हजर.” त्यांच्या वतीने ते उत्तर देण्याची ही रीत होती.

वारस नसला की घडी घातलेला ध्वज कोणाला द्यायचा, हा प्रश्न इथे खरोखरच उभा राहतो. त्या दिवशी तो सैनिकाने राइड कॅप्टनच्या हातात दिला, आणि त्यांनी शेजारच्याकडे. मग तो त्रिकोण रांगेतल्या प्रत्येकाच्या हातांतून फिरत राहिला. माझ्याकडे आला तेव्हा त्याचे वजन मला अनपेक्षित वाटले. जाड सुती कापड, घड्या इतक्या घट्ट की बोट आत शिरू नये, शिवलेल्या ताऱ्यांच्या कडा तळव्याला लागत होत्या. माझ्या आधी तो एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या हातांत होता. तिने तो छातीशी धरला, मनातल्या मनात काहीतरी म्हटले आणि मग दोन्ही हातांनी माझ्यापुढे केला. मी तो तसाच धरला आणि नुकतेच वाचले गेलेले नाव मनात उच्चारले. त्या माणसाची आठवण काढणारे जगात कोणी नव्हते, आणि आता निदान रांगेतल्या सगळ्यांनी ते नाव घेतले होते.

टेक्सासमधील किलीन येथे 2019 च्या जानेवारीत अशाच एका निराधार माजी सैनिकाचे दफन होते. कोणीही येणार नाही असे कळल्यावर हजाराहून अधिक माणसे आली. तो प्रसंग देशभर गाजला. लेव्हनवर्थला ना कॅमेरे होते ना गर्दी. त्यामुळेच मला इथले काम अधिक मोलाचे वाटले. गाजलेल्या प्रसंगाला जाणे सोपे असते. या लोकांना गाजावाजा लागत नाही.

शुक्रवार : फोर्ट स्कॉट आणि चेल्सी

महामार्ग 69 ने दक्षिणेला उतरताना फोर्ट स्कॉट लागते. इथली राष्ट्रीय दफनभूमीही 1862 च्याच पहिल्या तुकडीतली आहे. तिथे थोडा वेळ फिरून ओक्लाहोमात शिरलो आणि विनीटापाशी जुना रूट 66 धरला. त्याच रस्त्यावर चेल्सी हे गाव आहे. 2005 च्या ऑक्टोबरात इथे एका सार्जंटला निरोप द्यायला कॅन्ससचे आणि ओक्लाहोमाचे स्वार एकत्र जमले होते आणि त्या भेटीनंतर हा व्याप देशभर वाढला. गावात त्याची खूण शोधूनही सापडली नाही. पेट्रोल पंपावरच्या वयस्क मालकांना मात्र तो दिवस चांगला आठवत होता. सगळ्या गावभर झेंडे होते, इतकेच ते म्हणाले आणि त्यांनी कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

शनिवार : परत डॅलस

रेड नदी ओलांडून दुपारी घरी पोहोचलो तेव्हा मोबाईलवर आमच्या भागातल्या राइड कॅप्टनांचा संदेश आलेला होता. बुधवारी सकाळी डॅलस-फोर्ट वर्थ नॅशनल सिमेटरीत दुसऱ्या महायुद्धातल्या एका नौसैनिकाचे दफन आहे, कुटुंबाने फ्लॅग लाइनची विनंती केली आहे, झेंडे ट्रकमध्ये असतील, ज्यांच्याकडे मोटारसायकल नाही त्यांनी मोटारीने थेट फाटकापाशी यावे. संदेश पत्नीने वाचला. ती मोटारसायकलवर बसत नाही, म्हणून आजवर कधी आली नव्हती. विनफिल्डच्या त्या आजींची आणि लेव्हनवर्थच्या मुलीची हकिकत मी तिला सांगितली, तेव्हा बुधवारी आपणही येणार असे ती म्हणाली. तासभर उभे राहायचे तर पायात काय घालावे, असे तिने विचारले. मी सपाट तळाचे काळे बूट घालायला सांगितले.